रंगाऱ्याच्या नातीचं डोकं

माझे वडील रंगारी. घरं रंगवतात, अजूनही. रंगारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे केसांपासून टाचांपर्यंत डाग पडलेला माणूस येतो, पण आमचे बाबा तसे कधीच नव्हते. कामाचे कपडे ते कामाच्या जागीच बदलायचे आणि घरी येताना भांग पाडून, शर्ट खोचून असे यायचे, की नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांना ते कुठल्यातरी कचेरीत साहेब असावेत असं वाटायचं. फक्त वास तेवढा त्यांना लपवता यायचा नाही. टर्पेंटाइनचा तो वास त्यांच्या नखांच्या कडांत, भुवयांत, कानांमागे मुक्कामालाच असे. मी आणि ताई त्या वासातच वाढलो.

बाबांचं बोलणं बेताचं. अपवाद एकच, भिंत. कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी त्यांची नजर भिंतीवर जायची. ताईचं लग्न ठरल्यावर आम्ही पहिल्यांदा तिच्या सासरी गेलो, तेव्हा सगळे एकमेकांची विचारपूस करत होते आणि बाबा खिडकीखालचा कोपरा बोटाने ठोकून बघत होते. इथे ओल धरलीय, असं त्यांनी जाहीर केलं. आईने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की निघेपर्यंत ते गप्प बसले. पुढच्या आठवड्यात मात्र स्वतः जाऊन तो कोपरा खरवडून, लांबीची पुट्टी भरून, घासून गुळगुळीत करून, रंगवून आले. व्याह्यांचं आणि त्यांचं सूत जमलं ते तिथपासून.

आणि बाबांचं डोकं दुखायचं. रोज नाही, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. ते म्हणायचे, आज रंग चढला. कामावरून येऊन आतल्या खोलीत जायचे, पडदा ओढून घ्यायचे, डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुसऱ्यांच्या घरी रंग चढला म्हणजे गाणी, गप्पा, हास्यविनोद. आमच्या घरी रंग चढला म्हणजे चिडीचूप. आई भांडीसुद्धा घासायची नाही. मग कधीतरी बाबा झोपून उठायचे, तोंड धुऊन चहा मागायचे, की झालं, जणू काही घडलंच नाही. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्याच रंगाऱ्यांना होतं, ते म्हणायचे. त्यांचा जोडीदार, जो त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं शिडीच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे, त्याला असलं काही होत नसे. पण हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

ताईला मुलगी झाली. घरात कुठेही, कितीही उंचावर साखर लपवली तरी तिला पत्ता लागायचा, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. ताई आणि भावोजी दोघंही नोकरीला, त्यामुळे बालवाडी सुटली की मुंगी आमच्याकडे. मी घरीच शिवणकाम करते, तेव्हा तिला आणणं, जेवू घालणं, हे माझ्याकडे. लाड करणं आईकडे. आणि खेळणं बाबांकडे. बाबांनी तिला एक जुना, झिजलेला ब्रश आणि डबाभर पाणी देऊन मागच्या अंगणातली भिंत नेमून दिली होती. मुंगी पाण्याने भिंत रंगवायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असायचं. मग पुन्हा सुरुवात. बाबा शेजारी पाटावर बसून गंभीरपणे सांगायचे, हात वरून खाली, ब्रश इतका बुडवू नको, थेंब गळतोय बघ. त्यांनी कुठल्याच हाताखालच्या माणसाला इतक्या मायेने शिकवलं नसेल.

पाच वर्षांची असताना एका दुपारी ती ब्रश तसाच टाकून पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, डोकं दुखतंय." आई हसली. एवढ्याशा डोक्यात दुखण्यासारखं आहे तरी काय, म्हणाली. पण मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं, मग उलटी केली, मग माझ्या मांडीवर झोपली. उठली ती बिस्किट मागतच. आम्ही म्हटलं, पोट बिघडलं असेल.

काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

एकदा का घरातलं मूल आजारी पडलं की प्रत्येकाला एकेक कारण सापडतं, आणि ज्याला त्याला आपलंच खरं वाटतं. आईचं म्हणणं, वेण्या घट्ट घालतेस. ताईने वेण्या सैल केल्या, मग केसच कापून टाकले. ताईचं म्हणणं, मोबाइलवरची कार्टून्स. ती बंद झाली आणि घरात दोन दिवस रडारड झाली. भावोजींना वाटायचं, शाळा बुडवायचं निमित्त आहे. पण एका रविवारी प्राणिसंग्रहालयात जायचं ठरलं होतं. मुंगी कितीतरी दिवस जिराफाच्या नावाने घर डोक्यावर घेत होती. बूट घालून दाराशी उभी राहिली आणि तिथेच खाली बसली. मला नको न्यायला, म्हणाली. भावोजींनी तिला उचलून आत आणलं, दिवा मालवला आणि त्या दिवसापासून निमित्ताची गोष्ट काढली नाही.

मग डोळे तपासले. मुंगीने चष्म्याच्या दुकानात आधीच लाल रंगाची फ्रेम हेरून ठेवली होती. तपासणाऱ्याने सांगितलं, डोळे अगदी ठणठणीत आहेत, चष्म्याची गरज नाही. तेव्हा ती इतकी रडली की बाहेर बसलेल्या लोकांना काहीतरी भयंकर निघालं असं वाटलं.

मग शेजारच्या काकूंनी रंगाचा विषय काढला. एका संध्याकाळी ताई मुंगीला न्यायला आली होती, काकू दारात उभ्या होत्या, आणि जाता जाता म्हणाल्या, दिवसभर त्या रंगाच्या वासात असते पोर, डोकं दुखणार नाही तर काय होणार. ताई थबकली. जिन्याखाली रचलेल्या बाबांच्या रंगाच्या डब्यांकडे तिने एकदा बघितलं. बाबा आत चहा पीत होते. त्यांनी काकूंचं बोलणं ऐकलं, आणि ताईचं न बोलणंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा जिन्याखालची जागा रिकामी होती. डबे, ब्रश, घासायचा कागद, सगळं बाबांनी जोडीदाराच्या घरी नेऊन ठेवलं होतं. त्या दिवसापासून ते कामावरून आले की थेट मागच्या अंगणात जायचे, नळाखाली बसून साबणाने अंग घासघासून काढायचे. हिवाळ्यातही. आई म्हणायची, अहो, कातडं निघेल. ते ऐकायचे नाहीत. आणि एवढं करूनही मुंगीजवळ जायचे नाहीत. ती धावत आली की दोन पावलं मागे सरायचे. "लांबूनच बोल गं राणी," म्हणायचे आणि दाराबाहेरच्या खुर्चीत जाऊन बसायचे.

मुंगीला काही कळेना. पहिले काही दिवस तिला तो खेळ वाटला. मग एकदा मी मशीनवर बसले होते, तेव्हा ती माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि तिने हळूच विचारलं, आबाने माझ्याशी कट्टी घेतलीय का. मी म्हटलं, नाही गं. मग तो हात का नाही धरत, म्हणाली. मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. माझ्या हातातली शिवण त्या दिवशी वाकडी गेली.

बाबांनी ऑइलपेंटची कामं घेणंही सोडलं. दारं-खिडक्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचे, स्वतः फक्त पाण्यात कालवायच्या रंगाची कामं घ्यायचे. दारं रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी रंगवलेल्या दारात तोंड बघून घ्यावं, असं लोक म्हणायचे. जोडीदार चिडला. बाबा त्याला एवढंच म्हणाले, नात आहे.

तरी मुंगीचं डोकं दुखतच राहिलं. मधे बाबांना लांबच्या गावी एका शाळेची इमारत रंगवायचं काम मिळालं आणि ते बरेच दिवस तिकडेच राहिले. घरात रंगाचा थेंब नव्हता, वास नव्हता, बाबाही नव्हते. त्या दिवसांतही मुंगी दोनदा आडवी पडली. तेव्हा ताई म्हणाली, आता पुरे झाले अंदाज, आणि तिने मुलांच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

भावोजींची त्या दिवशी कामावर पाळी होती, म्हणून ताईने मला बरोबर बोलावलं. बाबा नुकतेच परत आले होते, त्यांनाही ती चला म्हणाली. ते नको नको म्हणत आले आणि दवाखान्यात आमच्यापासून दूर, खिडकीजवळच्या बाकाच्या टोकाला बसले. आत बोलावलं तेव्हाही दाराशीच उभे राहिले.

डॉक्टरबाई वयाने लहानच होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी इतके प्रश्न विचारले की ताई शेवटी बोटं मोजायला लागली. दुखण्याने पहाटे झोपेतून जाग येते का. रोज सकाळी उठल्या उठल्या उलटी होते का. चालताना तोल जातो का, एखादी वस्तू दोन दिसते का. डोक्यावर पडली होती का कधी, ताप असतो का. दुखणं दिवसेंदिवस वाढत चाललंय का. या सगळ्याला नाही म्हणताना ताईचा आवाज थोडा थोडा सैल होत गेला. मग विचारलं, सकाळी काही खाऊन जाते का, रात्री झोपते किती वाजता, पाण्याची बाटली शाळेतून कशी येते. यावर ताई जरा अडखळली. बाटली भरलेलीच येते, मी सांगितलं.

मग मुंगीला एका रेषेवरून चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय आपोआप उडाला तेव्हा मुंगी खदखदून हसली आणि पुन्हा मारा म्हणाली. त्यांनी पुन्हा मारली. नंतर तिच्यापुढे कागद आणि रंगीत खडू ठेवून म्हणाल्या, डोकं दुखतं तेव्हा कसं असतं, ते काढून दाखव.

मुंगीने जीभ बाहेर काढून बराच वेळ चित्र काढलं. एक मुलगी पलंगावर, तिच्या डोळ्यांवर काळा पट्टा. वर मोठा पिवळा सूर्य, आणि त्या सूर्यावर काळी फुली, इतकी जोरात मारलेली की कागद फाटला होता.

"सूर्यावर फुली का मारलीस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तो बंद करायचाय," मुंगी म्हणाली.

त्यांनी ताईला विचारलं, घरात आणखी कुणाचं डोकं असं दुखतं का. ताई म्हणाली, नाही. माझं नाही, ह्यांचं नाही. मीही मान हलवली. इतक्या जवळची गोष्ट आम्हा दोघींच्या डोक्यात आलीच नाही. बाबा मात्र दाराजवळून एकेक पाऊल पुढे आले होते. ते त्या चित्राकडे बघत होते.

"माझं दुखतं," ते म्हणाले. "असंच. पण माझं रंगाच्या वासाने."

"बसा ना आजोबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही रंगकाम करता का? कधीपासून?"

बाबांनी सांगितलं, मिसरूड फुटलं तेव्हापासून.

"आणि डोकं कधीपासून दुखतं?"

बाबा उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मी त्यांना एखाद्या भिंतीपुढे असं उभं राहिलेलं पाहिलंय, वरचा पोपडा निघून आत भलताच रंग दिसावा तसं. मग म्हणाले, शाळेत होतो तेव्हाही दुखायचं. वर्गात खिडकीतून ऊन यायचं, मी दप्तर डोळ्यांपुढे धरायचो, गुरुजी रागवायचे. तेव्हा तर मी रंगाला हातही लावला नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या आई-वडिलांबद्दल विचारलं. वडिलांचं तसं काही नव्हतं. आई? ती अधूनमधून डोक्याला फडकं करकचून बांधून कोपऱ्यात पडायची, ते म्हणाले. कुणाशी बोलायची नाही. आम्ही भावंडं म्हणायचो, आई रागावलीय. लांब लांब राहायचो तिच्यापासून.

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. लहान मुलांचं डोकं दुखायला पुष्कळ कारणं असतात. सर्दी-ताप, झोप कमी पडणं, उपाशी राहणं, पाणी न पिणं, डोळ्यांवर ताण, मनात कसली धास्ती. क्वचित कधी काही गंभीरही असतं, म्हणून तर ते सगळे प्रश्न विचारले आणि तपासलं; मुंगीत तसलं काही दिसत नाही. तिला अर्धशिशी आहे, मायग्रेन म्हणतात ती. मोठ्यांचं अर्धं डोकं दुखतं, लहानांचं पुष्कळदा अख्खं कपाळ दुखतं, मळमळतं, उजेड नको होतो आणि झोपून उठलं की बरं वाटतं. हे घराण्यात चालत येतं. एखाद्याला उग्र वासाने त्रास सुरू होऊ शकतो, पण हा स्वभाव वासाने लागत नाही, तो जन्मापासूनचा असतो. मुंगीच्या बाबतीत तर वासापेक्षा तिची रिकामी सकाळ आणि भरलेली बाटलीच जास्त गुन्हेगार दिसतायत.

"म्हणजे माझ्यामुळेच की," बाबा म्हणाले. "वास नाही, मी."

डॉक्टरबाई हसल्या. "हे नाकही तुमचंच दिसतंय, आजोबा. त्याबद्दल कुणी तक्रार केली का?"

त्यांनी दुखायला लागल्याबरोबर द्यायचं औषध मुंगीच्या वजनाप्रमाणे लिहून दिलं आणि ऊठसूट द्यायचं नाही, असं ताईला बजावलं. दुखण्याची तऱ्हा बदलली, पहाटे जाग यायला लागली, चालण्या-बोलण्यात फरक दिसला तर वाट न बघता यायचं. आणि आजोबा, तुम्हीही मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा. इतकी वर्षं हे अंगावर काढायची काही गरज नव्हती.

बाहेर आलो. ताई औषध घ्यायला समोरच्या दुकानात गेली. बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसले. मुंगी त्यांच्यासमोर उभी राहिली, हाताच्या अंतरावर, कारण आता तिलाही तशीच सवय झाली होती.

"आबा, तुला पण सूर्य बंद करावासा वाटतो?"

"हो गं."

"मग आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं, माझा एकटीचाच बिघडलाय."

बाबांनी हात पुढे केले. मुंगी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांनी तिला असं धरलं, की ताई औषध घेऊन आली तरी ते उठेनात. ताईने औषधाची पिशवी माझ्याकडे दिली आणि बाबांच्या शेजारी पायरीवर टेकली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाबांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, भूक लागली असेल ना तुला.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे माझी आई रागावलेली नव्हती." आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा कप पुन्हा भरला.

डबे जिन्याखाली परत आले नाहीत. ती जागा आईने तोवर बळकावली होती. पण दारं-खिडक्यांची कामं बाबांनी पुन्हा घेतली, आणि नाकावर चांगला मास्क लावायला शिकले, आढेवेढे घेत का होईना. डॉक्टरकडेही गेले. जोडीदाराला सगळ्यांत मोठा धक्का बसला तो एका दुपारी. ब्रश हातात असताना बाबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तसे ते शिडीवरून उतरले, घरमालकिणीला म्हणाले, माझं डोकं दुखायला लागलंय, उरलेलं उद्या करतो, आणि सरळ घरी आले. इतक्या वर्षांत हा माणूस भिंतीला धरून उभा राहायचा पण खाली उतरायचा नाही, असं जोडीदार मला सांगत होता. तो पुढे म्हणाला, अगं, माझं कधीच दुखलं नाही डोकं, मला वाटायचं मीच कच्चा रंगारी आहे.

ताईने मुंगीच्या बाईंना शाळेत जाऊन सगळं सांगितलं, पण त्याआधी मुंगीने स्वतःच वर्गभर सांगून टाकलं होतं. माझ्याकडे मायग्रेन आहे, आबाकडे पण आहे, आबाचं मोठं, माझं छोटं. वर्गातल्या एका मुलाने घरी जाऊन आपल्यालाही मायग्रेन आणून द्या म्हणून हट्ट धरला, असं बाई हसत सांगत होत्या.

आता मुंगी मोठ्या शाळेत जाते. डोकं अजून दुखतं, नाही असं नाही, पण पुष्कळ कमी. सकाळी खाल्ल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, म्हणजे ताई पडू देत नाही. परवाच दोघंही एकाच दुपारी आडवी झाली. मुंगी शाळेतून आली ती कपाळ धरून, आणि बाबा आधीपासूनच आत पडले होते. आईने दोघांना एकाच खोलीत घातलं, पडदे ओढले, औषधं दिली आणि दार लोटून घेतलं. मी मशीन बंद करून बाहेर बसून राहिले. बराच वेळ आतून काही आवाज नव्हता. मग कुजबुज सुरू झाली. थंडगार उशी कुणाच्या वाट्याला, यावरून वाद चालला होता. मुंगी म्हणत होती, माझं जास्त दुखतंय. बाबा म्हणत होते, मी तुझ्याहून जुना रुग्ण आहे.

शेवटी उशी मुंगीलाच मिळाली असणार. दार उघडून पाहिलं तेव्हा ती तिच्यावर गाल टेकून झोपली होती आणि बाबा हाताची उशी करून, टॉवेल डोळ्यांवर घेऊन, हलके हलके घोरत होते.